पट्टा कुठे बांधायचा?

शनवारा दरवाजा शोधू नका. तो अजून बांधलेला नाही. बऱ्हाणपूरभोवती विटांचा कोट निजाम-उल-मुल्क आसफजाह १७३१ मध्ये घालणार आहे. त्याला शनवारा, इतवारा असे दरवाजे लागतील आणि पुढे कधीतरी त्याच कमानीपाशी रिक्षा, केळीचे ट्रक आणि शाळेच्या बस एकमेकींना अडवून उभ्या राहतील. तुम्ही शंभर वर्षं लवकर आला आहात. हा १६३१ चा जून आहे. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहान इथे तळ देऊन बसलाय, गेल्या वर्षी पावसाने दगा दिलाय आणि दाण्याचा भाव विचारायचीसुद्धा कुणाची छाती होत नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी काही महिन्यांपूर्वी सुरतेहून आग्र्याकडे याच वाटेने गेला आणि रस्त्याकडेची प्रेतं वहीत टिपत गेला.

तुमच्या अंगावर एका हकिमाच्या हरकाम्याचे कपडे आहेत, त्यामुळे कुणी टोकत नाही. झोळीत काय आहे असं विचारलंच तर चूर्णं म्हणून सांगा. आत रक्तदाबाचा पट्टा आहे, रबरी फुगा, तबकडी आणि स्टेथोस्कोप.

भिंतीच्या सावलीला एक भिस्ती बसलाय. मशक रिकामी. त्याच्यापुढे उकिडवे बसा आणि दंडाला पट्टा गुंडाळा. दंड तुमच्या मुठीत मावतो, पट्टा दोन वेढे होऊनही सैलच. फुगा दाबा, हवा सोडा, ऐका. ८६. कागद काढून लिहायची घाई करू नका, कारण या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. दंडाच्या घेराच्या मानाने हवेची पिशवी फार मोठी असली की आकडा खाली येतो, फार अरुंद असली की वर जातो. भरल्या अंगाच्या माणसासाठी शिवलेला पट्टा दुष्काळाच्या हातावर बांधलात. याचा दाब खरंच कमी असेल, नसेलही. तुमच्या झोळीत लहान मुलांचा पट्टा नाही, तेव्हा उठा आणि त्याला पाणी मिळतं का ते बघा.

पाणी मिळेल. या गावात धान्य नसलं तरी पाणी आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावाकडे आणलं गेलं. वरून बघितलं तर विहिरींच्या तोंडांची एक रांग दिसते, तिला कुंडी भंडारा म्हणतात. तिथून पाणी जाली करंजात येतं आणि मातीच्या नळांतून पुढे वाटलं जातं. कुठे मोट नाही, बैल नाही. पाणी वरून निघालं म्हणून खाली जोराने येतं, एवढाच सगळा कारभार. नळाला जितकं खाली भोक पाडाल तितकी धार जोरात.

जाली करंजाच्या काठावर बसून हाच हिशेब स्वतःच्या अंगावर करून बघा. पट्टा मनगटाच्या वर, हाताच्या पुढच्या भागावर बांधा. हात छातीच्या उंचीला धरा, मोजा. आता तोच हात मांडीवर टाका, मोजा. मनगट हृदयापेक्षा वीस सेंटीमीटर खाली गेलं तर आकडा पंधराने चढतो. मनगट हृदयापेक्षा तितकंच वर धरलंत तर तेवढाच उतरेल. शरीर तेच, हृदय तेच, दोन मिनिटांत तुम्हाला बीपी जडलं आणि गेलंसुद्धा. घरोघरी मनगटाची यंत्रं घेऊन सोफ्यावर रेलणाऱ्यांनी एकदा बऱ्हाणपूरला येऊन ही कुंडी बघून जावी, असं मला नेहमी वाटतं.

आता संध्याकाळ होतेय. तापीच्या काठाने शाही किल्ल्याकडे चला. आत मुमताज महल चौदाव्यांदा बाळंत होतेय. रंगीत वेलबुट्टीच्या छताचा तिचा हमाम याच किल्ल्यात आहे. चारशे वर्षांनी लोक तिकीट काढून ते छत बघतील. आज रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. दाया आत-बाहेर करतायत, हकीम पडद्याच्या अलीकडे बसलेत.

पडदा नीट बघून घ्या, कारण आजच्या रात्री रुग्णाचं शरीर किती उपलब्ध आहे ते तो ठरवतो. तीसेक वर्षांनी फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये दिल्लीच्या जनानखान्यात एका आजारी बेगमेला तपासायला जाईल, तेव्हा त्याच्या डोक्यावरून पायापर्यंत काश्मिरी शाल टाकतील आणि एक खोजा आंधळ्याला न्यावं तसं त्याला हात धरून आत नेईल. निकोलाओ मनुची लिहील की पडद्यातून हात बाहेर येतो आणि वैद्याने तेवढ्यावरच काय ते ओळखायचं. सबंध शरीरातून मनगटाएवढी जागा वैद्यकाला दिलेली.

हकिमांची त्याला हरकतही नाही. इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये मनगट का निवडावं याची कारणं दिलेली आहेत: हाताशी चटकन येतं, दाखवायला कुणाला संकोच वाटत नाही, आणि तिथली धमनी हृदयाच्या सरळ वाटेवर, फार लांब नाही. तीन कारणांतली दोन सोयीची आणि लाजेची, एकच शरीराचं. गावातल्या वैद्यांचंही तेच. शारंगधराच्या संहितेपासून अंगठ्याच्या मुळाची नाडी हीच जीवाची साक्षीदार. पुरुषाचा उजवा हात आणि बाईचा डावा, एवढा भेद करतात. पायाची, गळ्याची नाडी त्यांना माहीत नव्हती असं नाही. जुन्या ग्रंथांत तिचे उल्लेख आहेत. पण रोजच्या धंद्यात मनगट.

आता तुम्ही आत काय चाललंय ते पाहू शकत नाही आणि मीही तुम्हाला सांगणार नाही. मुमताजचा मृत्यू बाळंतपणातच झाला, बहुधा रक्तस्रावाने, असं मानलं जातं. रक्त वाहून जात असताना शरीरात काय होतं ते मात्र सांगता येतं. हृदय जोरजोरात धावतं, हातापायांच्या धमन्या आवळतात, आणि नाड्या एका ठरलेल्या क्रमाने विझतात. आधी मनगट. मग जांघ. शेवटी गळा. अपघातात जखमी झालेल्यांवर उपचार करणाऱ्यांना वर्षानुवर्षं पढवलं जायचं की मनगटाची नाडी लागली म्हणजे वरचा दाब निदान ८०, जांघेची लागली म्हणजे ७०, गळ्याची म्हणजे ६०. २००० साली ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात, ज्यांच्या धमनीत नळी घालून दाब थेट मोजला जात होता अशा रुग्णांवर हे ताडून पाहिलं. क्रम बरोबर निघाला, आकडे फार आशावादी निघाले. नाडी लागत असूनही दाब त्या आकड्यांच्या पुष्कळ खाली गेलेला असू शकतो.

म्हणजे पडद्यातून बाहेर येणारी जागा नेमकी तीच, जी सगळ्यात आधी गप्प होते. झोळीतला पट्टा तुम्ही दंडावर बांधला असता, जांघेत बोटं ठेवली असती, गळ्यावर ठेवली असती. आणि मग? पट्टा रक्त देत नाही, गर्भाशय आकुंचन पावायचं औषध देत नाही. १७ जूनच्या त्या रात्री ती गेली, मुलगी जगली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला तात्पुरतं पुरलं, सहाएक महिन्यांनी शव आग्र्याला नेलं. हे सगळं तुम्हाला शाळेत शिकवलंय.

पुढे सरका.

शनवारा दरवाज्यासाठी थांबू नका. तुमचं काम लंडनजवळच्या टेडिंग्टन गावात आहे. तिथला पाद्री स्टीफन हेल्स याचं पुस्तक १७३३ मध्ये छापलं जाईल, त्यातला पहिला प्रयोग बघायला चला. डिसेंबरची थंडी. चौदा वर्षांची एक घोडी उताणी बांधून ठेवलीय. हेल्स तिच्या मांडीतली धमनी उघडतो, पितळी नळी बसवतो आणि तिला नऊ फुटांची काचेची नळी जोडतो. रक्त चढायला लागतं. चढतं, थांबतं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला वरखाली होतं आणि आठ फूट तीन इंचांवर स्थिरावतं. आजच्या पाऱ्याच्या मापात १९० च्या आसपास; बांधलेल्या, भेदरलेल्या जनावराला ते साजेसंच आहे. तुम्हाला मळमळलं तर बाहेर जा, पण एक गोष्ट लक्षात ठेवून जा. रक्तदाब माणसाने पहिल्यांदा मोजला तो मांडीत. आज दवाखान्यात मांडीला पट्टा बांधायचा म्हटलं तर लोक 'पर्यायी जागा' म्हणतात.

दीडशे वर्षं झपाट्याने ओलांडा. बऱ्हाणपुरात निजाम जातो, उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये पेशवे येतात, मग शिंदे, मग इंग्रज, मग आगगाडी. रक्तदाबाचं म्हणाल तर जनावरांच्या धमन्यांत नळ्या खुपसणं चालू आहे. माणसाला न कापता मोजायची युक्ती सापडते ती १८८१ मध्ये व्हिएन्नात. झामुएल फॉन बाश पाण्याने भरलेली रबरी फुगी मनगटाच्या धमनीवर दाबतो आणि पुढची नाडी कुठे थांबते ते बघतो. पुन्हा मनगट! हकिमांना आवडलं असतं.

१८९९ मध्ये त्याच शहरात गुस्ताव गेर्टनर बोटावर उतरतो. तुमचं करंगळीशेजारचं बोट पुढे करा. तो टोकाकडून एक घट्ट रबरी कडं सरकवत बोटातलं रक्त पिळून काढतो, बोट मेणासारखं पांढरं होतं. मागच्या पेरावर फुगवलेली दुसरी अंगठी तो हळूहळू सैल करतो. डोळे बोटाच्या टोकावर. अचानक त्यात लाली धावत येते, आणि त्या क्षणाचा आकडा तो वाचतो. कान लावायला नको, नाडी चाचपायला नको. बोटाची ही जागा मग बराच काळ अडगळीत पडते आणि १९७३ मध्ये ब्रनोच्या यान पेन्याझच्या हाती पुन्हा उजेडात येते. बोटाभोवतीचा पट्टा प्रत्येक ठोक्याला स्वतःला घट्ट-सैल करत सलग दाब दाखवतो, अशी ती युक्ती.

बाश आणि गेर्टनर यांच्या मधे, १८९६ मध्ये, तुरीनला थांबावंच लागेल. स्किपिओने रीवा-रोच्ची आपलं यंत्र दाखवतोय. दौत, थोडा पारा आणि सायकलच्या चाकाची आतली रबरी नळी. नळी तो दंडाभोवती बांधतो, फुगवतो, आणि बोटं मनगटावर ठेवून नाडी नाहीशी होते तो आकडा टिपतो. दंडच का? दंडातली धमनी मोठी आहे आणि महाधमनीच्या जवळची आहे, तिच्यातला दाब हा एखाद्या फांदीचा नसून बुंध्याच्या जवळचा, असा त्याचा युक्तिवाद. तो पटतो. आणखी एक गोष्ट मी माझ्या पदरची सांगतो: दंडावर बाही सहज वर सरकते. त्याची पट्टी जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद होती, म्हणून आकडे फुगायचे. १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेनने ती रुंद केली. भिस्त्याच्या हातावर तुमची झाली ती फजिती या माणसाने आधीच उलट्या बाजूने ओळखली होती.

दंडाची गादी पक्की होते १९०५ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला. निकोलाय कोरोत्कोव्ह हा धमन्यांच्या जखमांवर काम करणारा शल्यचिकित्सक. कोपराच्या खळग्यात नळी ठेवून तो ऐकतो: पट्टा सैल होताना आधी टकटक, मग घासल्यासारखा आवाज, मग शांतता. वरचा आकडा आणि खालचा आकडा दोन्ही कानाने मिळाले. त्याचं टिपण एका पानाहून मोठं नव्हतं. या टिपणाने दंडाला जिंकून दिलं, कारण कोपराच्या खळग्यात ऐकणं सोपं आहे. मनगटावर, घोट्यावर, बोटावर ते आवाज नीट मिळत नाहीत. दंड हा असा आला. मांडी आणि मनगटाच्या मागून आला आणि मालक होऊन बसला.

जपानात एक मुक्काम. १९०८. मिकितो ताकायासू हा डोळ्यांचा डॉक्टर एका तरुण बाईच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांचं विचित्र जाळं वर्णन करतो. चर्चेत दुसरे दोन डॉक्टर म्हणतात, आमच्याकडेही असे डोळे आहेत आणि त्या रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नाही. महाधमनीच्या फांद्यांना सूज येऊन त्या बुजत जातात, असा हा आजार. त्याला ताकायासूचंच नाव आहे आणि भारतात तो तरुण बायकांमध्ये चांगलाच आढळतो. अशा मुलीचे दोन्ही दंड ९० म्हणतील, डॉक्टर 'बीपी लो आहे, मीठ-साखर-पाणी घ्या' म्हणून घरी पाठवतील, आणि तिच्या मूत्रपिंडाची धमनी चिंचोळी झाल्यामुळे महाधमनीतला दाब मात्र २०० असेल. मांडीला पट्टा बांधेपर्यंत ते कुणालाच कळणार नाही. याच्या अगदी उलट, जन्मतःच महाधमनी छातीत एका जागी आवळलेली असते त्या मुलांचं: दंडात दाब चढा, पायात उतरलेला. दोघांनाही वाचवणारी गोष्ट एकच, डॉक्टरांनी एका जागेवर न थांबणं.

आता परत या. शनवारा. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, मागच्या गल्लीत पॉवरलूमची खडखड, समोर मावा जिलेबीची कढई. जिना चढून दवाखान्यात या. यावेळी हरकाम्याचे कपडे नाहीत; लोक तुम्हाला सिस्टर किंवा ताई म्हणतात आणि पट्टा तुमच्या हातात आहे.

पहिली बाई उजवा दंड मागे घेते. 'ताई, इकडं नको, या बाजूचं ऑपरेशन झालंय.' स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यात. त्या हातावर पट्ट्याने खरंच सूज येते का याचा पुरावा कच्चा आहे, पण डावा हात मोकळा असताना वाद कशाला? डावा. दुसऱ्याचा दंड इतका जाड की मोठा पट्टाही शंकूवरून घसरतो तसा कोपराकडे घसरतो; त्याच्या हाताच्या पुढच्या भागावर बांधा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा आणि शेजारी तसं लिहा.

तिसरे काका. आयुष्य मागावर गेलं, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

'डाव्या हाताला लावू नका, ताई. त्यात फिस्टुला आहे.'

बोटं ठेवा, खाली घरघर लागते. धमनी आणि शीर जोडून केलेली ती वाट पट्ट्याने दाबली तर गुठळी होऊन बंद पडू शकते. उजवा?

'त्यात आधी केला होता, तो बंद पडला. आता तिथंच वरच्या बाजूला नवीन करायचा म्हणतात.'

उजवाही गेला. झोपवा त्यांना. पट्टा घोट्याच्या वर, आतल्या हाडामागे जेल लावून छोटा डॉपलर. फूस, फूस, फूस. फुगा दाबा, आवाज जातो. सोडा, परत येतो तो आकडा १८८.

'बाप रे!' काका उठायला बघतात.

'पडून राहा, काका. हा पायाचा आहे.'

पायाचा वरचा आकडा मुळातच चढा असतो. हृदयातून निघालेली लाट टोकाकडे जाताना उंच होत जाते, सरासरी दाब मात्र वाढत नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी बरेच अभ्यास एकत्र करून असा अंदाज काढलाय की आडव्या झोपलेल्या माणसाच्या घोट्यावरचे १५५/९० म्हणजे दंडावरचे १४०/९०. त्या हिशेबानेही १८८ जास्तच. पण थांबा, डायलिसिसच्या रुग्णांच्या घोट्याच्या धमन्यांत बऱ्याचदा चुना साठलेला असतो. त्या पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटा चढतो. म्हणून आता काकांना पालथं व्हायला सांगा. मांडीचा रुंद पट्टा कपाटात सर्वांत खाली आहे, धूळ झटका. मांडीच्या मध्यावर बांधा, गुडघ्यामागच्या खळग्यात स्टेथोस्कोप ठेवा. कोरोत्कोव्हचे आवाज इथेही मिळतात, जरा जपून ऐकावे लागतात. १६२, ८४.

'आता किती?'

'मांडीवर एकशे बासष्ट. दंडापेक्षा मांडीत दहा-वीस जास्त येतोच, तेव्हा हे फार वाईट नाही. डॉक्टरांना दाखवते.'

'मग मघाचा खोटा?'

'तो घोट्याचा होता. तुमच्या घोट्यावर भरवसा नाही.'

काका पायजमा सारखा करतात, बसतात, घाम पुसतात. 'ताई, तिकडे डायलिसिसला दर वेळी नवीन मुलगा असतो. एक जण मनगटाला लावतो, एक जण पायाला. कुणी एकशे दहा सांगतं, कुणी दोनशे. गोळी वाढवतात, मग चक्कर येते, मग कमी करतात.'

त्यांचं कार्ड घ्या. बीपीच्या रकान्यात फक्त आकड्याएवढी जागा छापलीय. समासात, आडवं, लाल पेनाने लिहा: उजवी मांडी, पालथे, रुंद पट्टा. दोन्ही हात वर्ज्य.

'मोठ्या अक्षरात लिहा,' काका म्हणतात, 'आणि खाली हिंदीतपण.'